हीटर आधी कासवाला

हिवाळ्यात हीटर पहिल्यांदा लावला की त्यावरची धूळ जळल्याचा वास येतो आणि मला दरवर्षी आमचं कासव आठवतं. नव्या कंपनीतल्या नोकरीसाठी पुण्याहून नोएडाला आलो, त्यानंतरचा तो पहिलाच डिसेंबर. खिडकीबाहेर धुकं आणि अर्धवट बांधलेल्या इमारती. बायको हीटर मागत होती आणि मी "थंडी काय पुण्यात नसते?" म्हणत माकडटोपीवर भागवत होतो. मग कासवाने खाणंच सोडलं. "बाबा, ये मर जाएगा क्या?" मुलगी रडवेली झाली. गार फरशीवरचं त्याचं खोकं पाहून शेजारच्या पंजाबी आंटींनी मला झापलं, "भाईसाहब, इसे गरमी चाहिए!" त्याच संध्याकाळी मी हीटर आणला. बंद कूलरच्या पत्र्याच्या टाकीत कोरडी माती पसरली, एका टोकाला हीटरची ऊब, दुसऱ्या टोकाला सावलीसाठी फुटकी कुंडी, मध्ये पाण्याची बशी. तिसऱ्या दिवशी त्याने मान बाहेर काढून मेथीचं पान कुरतडलं. मुलगी टाळ्या पिटत नाचली. बायको मात्र शाल आवळत म्हणाली, "पुढच्या थंडीत मीही खाणं सोडून बघते." आता खोलीखोलीत हीटर आहे, तरी डिसेंबर लागला की मी तिला आधी विचारतो, "जेवलीस ना?"