टायरात औषध घातलंय

काटा दिसला की उपटायचा. ह्यात विचार करण्यासारखं काय आहे? आमच्या घरात तरी तो कधी कुणी केला नव्हता.

माझे वडील, आमचे अण्णा, काटा काढण्यात अख्ख्या गावात नावाजलेले. माकणीच्या धरणाच्या अंगाला आमचं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ माजलेली. कुणाच्या ना कुणाच्या पायात काटा मोडायचाच, आणि मग तो माणूस लंगडत आमच्या ओसरीवर यायचा. अण्णा त्याचा पाय खुशाल आपल्या मांडीवर घ्यायचे, सुईनं अलगद कातडी उकरायचे आणि त्याच्या लेकीच्या सोयरिकीचं विचारायचे. तो सांगेपर्यंत काटा बाहेर. वरून बिब्ब्याचा चटका. त्या चटक्याला मात्र भलेभले गडी बोंब मारायचे आणि आम्ही पोरं दाराआडून खिदळायचो. आज ती ओसरी आठवली की वाटतं, काय दिवस होते!

पुढं लोकांच्या पायात बूट आले. काटा मोडलाच तर माणूस तालुक्याला, लोहाऱ्याला डॉक्टरकडं जायला लागला. आई गेली. बैल विकले, रान बटईनं दिलं. माझी बदली योगायोगानं गावाजवळच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली, तेव्हा मी आठवडाभर अण्णांजवळ राहायचं आणि शनिवारी दुपारी लातूरला, मिस्टर आणि लेकीकडं जायचं, असं ठरलं. शाळेला जायला बॅटरीवरची स्कूटर घेतली. अण्णांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. "आवाज न्हाय, धूर न्हाय. जिती हाय का मेलेली, कळावं कसं?" म्हणाले.

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी बघते तर अण्णा मागच्या चाकापाशी पाट टाकून बसलेले. हातात चिमटा. टायरावर बोटं फिरवायची, काटा लागला की उपटायचा, काढलेला काटा चुलीत टाकायचा. मी शाळेला निघाले की, "माय, काढलाव बघ. जा आता निवांत," असं म्हणायचे. त्यांना मोतीबिंदू होत चालला होता, पण बोटांना सगळं दिसायचं. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू! चाळिशी उलटलेल्या बाईच्या गाडीचे काटे तिचा बाप काढतोय, हे सुख कुणाच्या वाट्याला येतं?

आणि तरी टायर सारखं बसायचं. शाळेतून सुटावं तर मागचं चाक चपटं. हवा कमी असली की बॅटरीही भराभर उतरायची. मी गाडीला शिव्या द्यायचे, रस्त्याला द्यायचे, रस्त्याच्या ठेकेदाराला तर सकाळ-संध्याकाळ द्यायचे. अण्णांनाही काळजी लागली. ते आणखी बारकाईनं काटे काढायला लागले.

एके दिवशी त्यांना डोळे दाखवायला मी लोहाऱ्याला घेऊन निघाले, तर वाटेतच गाडी डगमगायला लागली. उतरलो. ह्या बॅटरीच्या गाड्या ढकलायच्या म्हणजे जीव जातो. मी पुढून हँडल धरलेलं, मागून अण्णा रेटतायत, आणि मी ओरडतेय, "अण्णा, तुम्ही सोडा हो!" सोडतायत कुठले. फाट्यावर पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत आलो तेव्हा दोघंही घामानं निथळत होतो.

पंक्चरवाल्यानं साबणाचं पाणी मारलं. एका जागी बुडबुडे आले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तो हसायलाच लागला. "मॅडम, ह्या टायरात ट्यूब नसती. काटा घुसला तर घुसू द्यायचा, तोच बूच होऊन बसतो. तसंच दुकानापोत्तर यायचं. उपटला की हवा गेलीच म्हणून समजा. कुठल्या शहाण्यानं उपटले हे?"

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "म्या."

तो बिचारा कानकोंडा झाला. "तसं न्हाय बाबा, जुन्या गाड्यांना उपटावाच लागायचा," असं काहीबाही बोलला, चहा मागवला. अण्णांनी चहा घेतला. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं नीट ऐकलं. घरी आले, हातपाय धुतले आणि चिमटा फळीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पाट टाकला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मी निघताना ते ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसलेले असायचे. "अण्णा, येते," म्हटलं की नुसतं "हं." मी म्हटलं, "अहो, चुकून झालं, त्यात एवढं काय?" तर म्हणाले, "तुझं नुकसान करीत हुतो की गं म्या रोज. जाऊ दे. डोळे गेले, आता हातबी गेले म्हणायचं." बैल गेले, रान गेलं, आई गेली, तेव्हाही हा माणूस असं बोलला नव्हता. एक काम उरलं होतं त्यांना, तेही एका रबराच्या टायरानं काढून घेतलं. मला त्या टायराचा असा राग आला की काय सांगू.

मी सरळ फाट्यावर गेले. पंक्चरवाल्याला म्हटलं, "काटा उपटला तरी हवा जाणार नाही, असं काही मिळतं का?" तो म्हणाला, "मिळतं की, सीलंट. टायरात ओतायचं. पण बघून घ्या मॅडम, नुसत्या पाण्यावानी मालबी लई येतो."

शनिवारी लातूरला जाण्याऐवजी मी उमरग्याला स्पेअर पार्टच्या दुकानात. दुकानदारानं काउंटरवर बाटल्या मांडल्या. मी प्रत्येक बाटली हलवून बघितली, पाठीमागचं वाचलं, त्याला प्रश्न विचारून विचारून सळो की पळो केलं. एक फारच पातळ होती, ती सायकलच्या बारीक टायरांची निघाली. एकीला असा उग्र वास की डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "ही स्वस्तातली. ॲल्युमिनियमच्या रिमला चरती. तुमच्या गाडीची मोटार मागच्या चाकातच, रिम खराब झाली तर लई महागात जाईल." शेवटी बारीक तंतू घातलेली, घट्टसर, पाण्यानं धुवून निघणारी बाटली निवडली. "आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाळतं हे आत," त्यानं बजावलं, "वर्षाला बघायचं, कमी झालं तर परत भरायचं."

"ते सगळं ठीक. पण काटा उपटला तर?"

"उपटला की लगेच गाडी फिरवून आणायची. चाक फिरलं की औषध भोकापर्यंत जातं अन् भोक मुजतं. उपटून गाडी उभीच ठेवली तर मग माझ्या नावानं ओरडू नका." मला तर त्यानं आजारावरचा उताराच दिल्यासारखं वाटलं. मिस्टरांना फोन करून सांगितलं की ह्या शनिवारी येत नाही, तर ते म्हणाले, "टायरासाठी?" मी म्हटलं, "अण्णांसाठी."

पंक्चरवाल्यानं आधीची भोकं बुजवली, व्हॉल्व्हची पिन काढली, बाटलीची नळी लावली, टायराच्या मापानं औषध आत सोडलं, हवा भरली. घरी आल्यावर मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, टायरात औषध घातलंय. आता काटा उपटायचाच. ठेवला तर उलट आत आत जातो."

अण्णा भिंतीकडंच बघत म्हणाले, "मला येडं समजतीस व्हय?"

"मग या आणि बघा की!"

आले. पाटावर बसले, बोटं फिरवली, काटा सापडला. हात थांबला. माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "उपटा." उपटला. फुस्स झालं, आणि भोकातून रुईच्या चिकासारखं पांढरं आलं. अण्णा दचकून मागं सरले. मी म्हटलं, "आता फेरी मारायची. चाक फिरलं की भरून येतं." चावी लावली, तर अण्णा पाटावरून उठले, धोतर आवरलं आणि मागं येऊन बसले. "मागच्या चाकावर वजन नगं व्हय?" म्हणाले. असं काही दुकानदारानं सांगितलं नव्हतं. मी मुकाट्यानं गाडी काढली.

धरणाच्या भिंतीपर्यंत गेलो, आलो. अण्णांनी खाली बसून भोकावर बोट दाबलं, थुंकी लावून बघितलं. बुडबुडा नाही. "आयला," एवढंच म्हणाले, आणि आत जाऊन फळीवरचा चिमटा घेऊन आले.

त्या फेऱ्या माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड काळ. रोज सकाळी शाळेआधी काटा उपटायचा आणि धरणापर्यंत जाऊन यायचं. गाडीला आवाज नसल्यानं अण्णांचं हळू बोलणंही ऐकू यायचं. लहानपणी मी त्यांच्याशी कधी एवढं बोलले नव्हते, बापाशी बोलायची पद्धतच नव्हती तेव्हा. भिंतीपाशी थांबलो की ते पाण्याकडं हात करायचे. तिथं खाली त्यांच्या वडलांची विहीर होती, तिथं चिंच होती, तिथं ते आणि आईचा भाऊ ढेकळं फेकून भांडले होते आणि त्यातूनच पुढं सोयरीक जुळली. आईला बघायला गेले तेव्हा तिनं चहात साखरच घातली नव्हती. "मंग?" मी विचारायचे. "मंग काय, पिलो. बरा झालाय म्हणलो." त्यांचं ते हसू मला पाठीवर जाणवायचं.

मग आमचा रस्ता झाला. बाभळी यंत्रानं मुळासकट काढल्या, वर काळं कुळकुळीत डांबर पडलं. गावानं पेढे वाटले, मीही खाल्ले. अण्णा सकाळी पाटावर बसायचे, पूर्ण टायर चाचपायचे, मागचं, पुढचं. "आज न्हाय," म्हणायचे आणि पाट उचलून आत जायचे. दुसऱ्या दिवशी तेच. मला ओसरीकडं बघवेना.

म्हणून मी शाळेतून येताना जुन्या पांदीनं, रानातल्या कच्च्या गाडीवाटेनं, यायला लागले. तिथं बाभूळ अजून होती. ज्या काट्यांपायी इतके दिवस शिव्या दिल्या, त्यांच्यावरून मुद्दाम गाडी घालायची. एकदा तर चाक चिखलात रुतलं, साडीचा काठ फाटला, आणि मी रानात एकटीच स्वतःला हसले. घरी येऊन काहीच न झाल्यासारखं दाखवायचं. सकाळी अण्णांना काटे सापडायचे आणि आमची फेरी व्हायची. असे बरेच दिवस गेले. आपण मोठ्या हुशार, असं मला वाटत होतं.

एका सकाळी अण्णांनी काटा उपटला, पण लगेच उठले नाहीत. टायराच्या खाचेतली काळी माती नखानं काढली, बोटांत चुरली, नाकाशी नेली.

"ही पांदीतली माती हाय, माय."

मी म्हटलं, "असेल. कुठूनतरी लागली असेल."

"सडकंनं येत जा. पांदीत एकली बाईमाणूस, काय झालं-गेलं तर?" त्यांनी चिमटा पुसून खिशात घातला. "काट्याचं काय घिऊन बसलीस? मला फेरीला यायचं असतंय."

मला रागही आला, रडूही आलं. "मग काटा नसायचा तेव्हा तसं म्हणायचं ना, अण्णा! मुकाट पाट उचलून आत का जायचात?"

अण्णा गाडीला धरून उठले, मागच्या सीटवर नीट बसले आणि म्हणाले, "तू तरी कुठं म्हणलीस, चला म्हणून?"