हळू चालणारी गाडी

शिंपी कापडाचे तुकडे कधी टाकून देत नाही. कुणी मागत नाही, कशाला लागत नाहीत, तरी मशिनखालच्या खोक्यात ते साठत राहतात. किश्श्यांचंही तसंच होतं. बारामतीत माझं शिलाईचं दुकान होतं आणि समोर नारायणतात्यांचा फोटो स्टुडिओ. माझ्या बाकावर रोज संध्याकाळी चौघांची बैठक बसायची. मी, तात्या, गॅरेजवाले कासमभाई आणि सुतारकाम करणारे सोपान मिस्त्री. पन्नास सालानंतरची ती काही वर्षं आठवली की वाटतं, आम्ही चौघांनी तेव्हा एकच काम केलं. तात्यांच्या ट्रेलरला ओढणारी गाडी शोधली. बाकी धंदा वगैरे मधल्या वेळात.

ट्रेलर कशाला, ते आधी सांगतो. तात्यांची आई ते लहान असतानाच गेली. तिचा एकही फोटो नव्हता. गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या भिंतीवर स्वतःच्या आईची जागा रिकामी, हे त्यांना फार लागायचं. एकदा मला म्हणाले, "मास्तर, आवाज आठवतो बगा. शाळंतनं आलो की उंबऱ्यातच अडवायची. 'पाय धुतलंस का रं?' म्हनायची. पन चेहरा पुसत चाललाय."

तो चेहरा आणखी एकाच ठिकाणी शिल्लक होता. बावड्याला त्यांची मावशी राहायची, बनामावशी. दोघी बहिणी हुबेहूब सारख्या, असं जुनी माणसं सांगायची. मावशी आहे तोवर तिचा एक फोटो भिंतीवर लागावा, एवढा एकच ध्यास तात्यांनी घेतला होता. पण मावशी एसटीत बसायची नाही. घर अंधारं, तिथं फोटो निघायचा नाही. अंगणात बस म्हटलं तर म्हणाली, "चारचौघांत खुर्चीवर तोंड वर करून बसायचं वय हाय का माजं?"

तेव्हा तात्यांनी ठरवलं, स्टुडिओच बावड्याला न्यायचा. चार भिंती, एक दार, उजेडाला छतात काच आणि खाली चाकं.

*

काम सोपान मिस्त्रींना दिलं, इथंच सगळं ठरून गेलं. मिस्त्रींचा हात देवाच्या रथांवर बसलेला. हलकं म्हणून काही असतं, हे त्यांना मान्यच नव्हतं. त्यांनी अस्सल सागवान काढलं, जाड जाड फळ्या जोडल्या आणि दाराला देवळाच्या दारासारखी चौकट केली. उजेड कमी-जास्त करायचा आतला काळा पडदा मी शिवला. मागच्या भिंतीला रंगवलेला पडदा लागला. त्यात तळं, दोन हंस आणि वर जाणारा संगमरवरी जिना. तो जिना कुठंच पोचत नव्हता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी आत जाऊन त्या जिन्यासमोर बसायचो. छतातल्या काचेतून उजेड सांडायचा आणि बारामती फार लांब राहिल्यासारखी वाटायची.

खोली पुरी झाली त्या दिवशी आम्ही चौघं आणि बाजारातली आणखी काही माणसं अशी मिळून ती ढकलायला लागलो. खोली तसूभर हलली नाही. मिस्त्री कौतुकानं बघत उभे.

"बगा. हलतीय का?"

"मिस्त्री, ती चालायला पायजे," तात्या म्हणाले.

"त्ये तुमी बगा. माजं काम झालं."

*

गाडी पेट्रोलची हवी, यावर मात्र एकमत होतं. त्याला कारण घडलं. ओळखीच्या एका माणसाची डिझेलची लॉरी होती. तिला एकदा खोली जोडून बघितली. इंजिन चालू झालं मात्र, आतल्या फळीवरच्या, फोटो धुवायच्या औषधाच्या बाटल्या एकेक करत काठाकडं चालायला लागल्या. छतातली काच कुरकुरायला लागली. तात्या आत धावले आणि दोन्ही हातांनी बाटल्या कवटाळून उभे राहिले. लॉरी अजून जागची हललीही नव्हती.

कासमभाई खिडकीतून विचारत होते, "सोडू का गियरमधी?"

आतून आवाज आला, "कासमभाई, आदी इंजान बंद करा. मग मला सोडा."

*

कासमभाईंना गाड्यांमधलं पुष्कळ कळायचं, पण जीव सगळा हॉर्नवर. गाडी बघायला गेले की आधी हॉर्न दाबायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. अशाच एका हॉर्नवर भाळून त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक पेट्रोल पिकअप चाचणीसाठी आणली. हॉर्न खरंच सुरेख होता. गावाबाहेरच्या गुराखी पोरांनी तो ऐकून वाट सोडली.

खोली जोडली आणि पिकअपचं पुढचं तोंड वर आलं. मिस्त्रींनी सगळं जड लाकूड खोलीच्या पुढच्या अंगाला घातलं होतं, कारण रथाचं तोंड भारदस्त असावं लागतं. तो भार पिकअपच्या शेपटावर बसला. पुढची चाकं जमिनीला नुसती टेकलेली. कासमभाई स्टिअरिंग फिरवायचे आणि गाडी सरळ जायची.

"वजन पायजे म्होरं," कासमभाई म्हणाले.

मग आम्ही तिघं बॉनेटवर बसलो. मोरगावच्या रस्त्यानं अशी आमची स्वारी निघाली. मी मध्ये, तात्या डावीकडं, मिस्त्री उजवीकडं. खालून इंजिनची ऊब लागत होती, दोन्ही बाजूंनी बाजरीचं पीक सरकत होतं आणि हॉर्न वाजत होता. मला इतकी मजा आली की गाडी निरुपयोगी आहे हे कुणी बोलू नये असं वाटत होतं.

वाटेत शेरडं राखणारा एक म्हातारा उभा राहिला. त्यानं मागची देवळासारखी चौकट बघितली, आम्हा तिघांना बघितलं आणि हात जोडले. मग मिस्त्रींना म्हणाला, "पुजारी पुढं बसल्यात, मग द्येव आत एकलाच हाय व्हय?"

*

खोलीतलं वजन सारखं करून घेतलं. मग सणसरचे एक ऊसबागाईतदार, भाऊसाहेब, यांनी आपली नवी पेट्रोल पिकअप एक दिवस वापरायला दिली. गाडी भारी होती. खोली जोडली आणि लोणी कापावं तशी निघाली. तात्यांचे डोळे भरून आले. "मास्तर, पुढल्या आयतवारी बावडा," ते म्हणाले.

कालव्याच्या पुलापुढं उतार लागला. ओढायला गाडी कशी हवी याचा विचार आम्ही वर्षभर केला होता. थांबवायला कशी हवी, हे चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. कासमभाईंनी ब्रेक दाबला, पिकअप थांबायला तयार झाली, पण खोली थांबेना. तिनं मागून रेटायला सुरुवात केली. भाऊसाहेब शेजारी बसले होते. अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "कासमभाई, आपुन हिला न्येतोय का ही आपल्याला न्येतीय?"

उत्तर मिळायच्या आत आम्ही सगळे भाऊसाहेबांच्याच उसात होतो. कुणाला खरचटलंही नाही. सागवानाला तर पत्ताच लागला नाही.

बैलजोड्या येईपर्यंत दुपार झाली. तेवढ्यात भाऊसाहेबांच्या घरातल्या बायका पदर सावरत बांधावरून आल्या. पुरुषमाणसं लांब सरकली. बायका एकेक करून खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. आतून हसण्याचा आवाज येत होता. भाऊसाहेबांच्या वहिनी शेवटी बाहेर आल्या. घराबाहेर फारशा न पडणाऱ्या त्या बाई आमच्याकडं न बघता तात्यांना म्हणाल्या, "भावजी, त्या जिन्यावर कायतरी हाय. बसलं की वर जावंसं वाटतंय."

ज्यांवर फोटो उमटतो त्या कॅमेऱ्यातल्या काचा घ्यायला तात्या त्या दिवशी विसरले होते. उसाच्या नुकसानीचे पैसे त्यांनी हसत भरले, पण हा फोटो गेल्याचं दुःख त्यांना कायम राहिलं.

*

ब्रेकवरून बाकावर मोठं भांडण झालं. कासमभाई म्हणत, ट्रेलरला लोखंडी ब्रेक बसवू. मिस्त्री म्हणत, माझ्या रथाला तसला हात लागायचा नाही. रथ उतारावर धावायला लागला की दोन्ही बाजूंनी चालणारी माणसं चाकाखाली लांब दांड्याचा लाकडी ठोकळा सरकवतात. त्याला मोगरी म्हणतात. मिस्त्रींनी सागाच्या दोन मोगऱ्या करून आणल्या आणि बाकावर आपटल्या.

"उतार आला की मी ह्या बाजूला, मास्तर त्या बाजूला. चालत."

"आन् गाडी?" कासमभाईंनी विचारलं.

"ती बी आमच्या चालीनं."

त्याच आठवड्यात बावड्याहून सांगावा आला, मावशीनं अंथरूण धरलंय. मग भांडायला वेळच उरला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला गेलो.

जुन्या गाड्या विकणारा माणूस कोट घातलेला होता. तो एकेका पिकअपवर हात ठेवून सांगायचा, ही इतकी पळते, ही त्याहून जास्त पळते. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती हळू चालती?"

त्याला वाटलं, घासाघीस चालू आहे.

"नाही हो, खरंच. माणसाच्या चालीनं चालली पायजे. बंद न पडता."

त्या माणसाच्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. मग त्याच्या आवारात कासमभाई एकेक पिकअप पहिल्या गियरमध्ये सोडायचे आणि मिस्त्री खांद्यावर मोगरी टाकून शेजारून चालायचे. एक गाडी पुढं पळायची, दुसरी आचके देऊन बंद पडायची. शेवटी कोपऱ्यातली हिरवी, पोचे आलेली एक पेट्रोल गाडी निघाली. ती मिस्त्रींच्या शेजारून अशी चालत राहिली की दोघं मारुतीला निघालेत असं वाटावं. मिस्त्री थांबले, तेव्हा तीही थांबली.

"हीच," तात्या म्हणाले.

कासमभाईंनी हॉर्न दाबला. हॉर्न नव्हताच. बारामती येईपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत.

*

बावड्याला आम्ही भल्या सकाळी निघालो. सपाटीवर गाडी जरा वेग धरायची, उतार दिसला की मी आणि मिस्त्री खाली उतरून मोगऱ्या घेऊन चालायचो. इंजिन लवकर तापायचं. म्हणून कासमभाईंनी पाण्याचा एक मोठा डबा घेतला होता आणि त्यावर जागता पहारा ठेवला होता. मला तहान लागली तर म्हणाले, "मास्तर, हिरीवर पी. हे पानी गाडीचं हाय."

इंदापूरच्या पुढं सपाट रस्ता लागला, तेव्हा मी खोलीत जाऊन फळीवर उताणा पडलो. छताच्या काचेतून कडुनिंबाच्या फांद्या सरकत होत्या, एखादा ढग आमच्याच चालीनं चालत होता. समोर तळं, हंस, जिना. तात्या माझ्या शेजारी बसून होते. एकदाच म्हणाले, "आसंल न्हवं ती?" मी हो म्हणालो. मला काय ठाऊक होतं?

बावड्यात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मावशी होती. सुनांनी धरून तिला आणलं, मिस्त्रींनी चौकटीत पाट ठेवला आणि ती आत जाऊन रंगवलेल्या जिन्यासमोरच्या खुर्चीत बसली. फार वाळली होती. तिनं एकदा वर काचेकडं बघितलं, पदर डोक्यावरून नीट घेतला आणि हात मांडीवर ठेवले. बायका बाहेर गेल्या, दार लोटलं. मी काळा पडदा धरायला म्हणून आत राहिलो. तात्या कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरले.

ते बराच वेळ तसेच राहिले. कापड नुसतं हलत होतं.

मावशी त्या कापडाकडं बघत होती. मग एकदम कडक आवाजात म्हणाली, "पाय धुतलंस का रं?"

तात्या कापडातून बाहेर आले. माझ्याकडं बघितलं नाही, तिच्याकडंही नाही. दार उघडून खाली उतरले आणि पिकअपजवळ गेले. कासमभाईंनी डबा उचलला आणि त्यांच्या पायांवर पाणी धरलं. डब्यातलं सगळं पाणी संपेपर्यंत तात्या पाय धूत राहिले. मग ओल्या पायांनी आत येऊन त्यांनी फोटो काढला.