डबल सीटचं इंग्रजी
बाबा मॅट्रिक नापास, पण इंग्रजीच्या बाबतीत छातीठोक. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात दिवसभर तागे उलगडून घरी आले की हातपाय धुऊन माझी उजळणी घ्यायचे. "वाहनाले बाय, पायाले ऑन," हा त्यांचा नियम. बाय बस, बाय सायकल, ऑन फूट. तो नियम चुकीचा नव्हता, अपुरा होता.

टायपिस्टच्या जागेसाठी मला मुलाखतीला बोलावलं, तेव्हा बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला सायकलवर डबल सीट नेलं. डबल सीटला तेव्हा दंड व्हायचा. चौकात पोलीस दिसला की मी उतरून पायी चालायची आणि पुढे जाऊन पुन्हा कॅरिअरवर बसायची.

साहेबांनी नाव-गाव विचारलं आणि मग, "हाऊ डिड यू कम?" प्रश्न अगदी पाठातला. पण उत्तर कोणतं द्यायचं? बाय सायकल म्हणावं तर सायकल मी चालवली नव्हती. डबल सीट हे शब्द इंग्रजी आहेत खरे, पण इंग्रजांना ते कळतील याची मला खात्री नव्हती. मी म्हटलं, "बाय बस."

ही व्याकरणाची अडचण म्हणून मी पुढे कितीतरी जणांना सांगितली, आणि लोक हसलेही. अडचण व्याकरणाची नव्हती. साहेबांच्या खिडकीतून फाटक दिसत होतं, आणि फाटकाशी पँटला क्लिपा लावून सायकल धरलेले बाबा. मला त्यांची लाज वाटली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय काय इचारलं वं?"

"कशी आली म्हणून विचारलं."

"मंग तू काय सांगतलं?"

"बाय बस."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मान वर करून खिडकीकडे एकदा पाहिलं.

"मंग आता बसनंच जाय. सायब पाहून राहिला. खोटी पडशीन."

स्टॉप समोरच होता. तिकिटापुरते पैसे त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि अनोळखी माणसासारखे चार हात लांब जाऊन उभे राहिले. बस सुटली तशी त्यांनी मागून सायकल हाणली. रिकामं कॅरिअर, टळटळीत ऊन.

पुढच्या स्टॉपवर उतरता आलं असतं. तिथून साहेबांची खिडकी दिसत नव्हती. मी उतरले नाही. मला बसायला जागा मिळाली होती.