मी त्याला 'या परत' म्हणाले

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. घरात कुणाला सांगायची हिंमत होईना, म्हणून इथे लिहितेय.

अमडापुरात आमचं पिढीजात कापडाचं दुकान आहे. सासऱ्यांच्या आजोबांनी गावासाठी विहीर खोदली, शाळेला जागा दिली. त्यांचा एक रिवाज आजही चालतो. मयतीचं कापड न्यायला कुणीही येवो, आम्ही पैसे घेत नाही, नाव-गावही विचारत नाही.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेत. दुकानात मी एकटीच.

सकाळी एक अनोळखी माणूस आला. "ताई, माय गेली. कापड पाहिजे होतं." मी पांढऱ्या ताग्यातून कापड फाडून दिलं. घडी हातात घेत तो पुटपुटला, "बाबाबी खाटेवरच हायेत."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या परत!"

दिवसभर गिऱ्हाइकांना म्हणते, तेच. या कापडासोबत बोलायचं काही नाही, नुसते हात जोडायचे, असं मामाजींनी जाताना बजावलं होतं.

तो पायरीवर थांबला. वळून पाहिलं, होकाराची मान हलवत "हाव" म्हणाला आणि गेला.

दुपारी मामाजींचा फोन आला. "काऊन गप हायेस, सूनबाई?" मी म्हटलं, काही नाही.

तुम्ही काय केलं असतं? माफी मागायला जावं तर कुठे? नाव-गाव तर आम्ही विचारतच नाही.

शटर ओढायची वेळ झालीय. पायरीवर पाऊल वाजलं की आधी चेहरा बघते. देवा, तो परत यायला नको.