समासातले बाबा

त्या नव्या ब्लॉगच्या साइटवर नाव नोंदवताना एक प्रश्न होता: तुम्हाला इथे का लिहायचं आहे? खाली पर्याय दिलेले. उत्पन्न, ओळख, छंद, इतर. मी 'इतर'वर बोट ठेवलं तर आणखी एक रिकामी चौकट पुढे आली, कारण लिहा म्हणून. मी लिहिलं, 'वडिलांनी वाचावं म्हणून.' ते इतकं केविलवाणं दिसलं की लगेच खोडलं आणि 'मराठी भाषेची सेवा' असं ठोकून दिलं. पन्नाशी उलटलेल्या बाईनं इतकं खोटं बोलू नये, पण अर्ज मंजूर झाला.

खोपटला एसटी डेपोच्या मागे माझं ऑफिस आहे. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हे सांगितलं, तर डबा उघडता उघडता ती म्हणाली, "पैसे देतात काय गं?"

"वाचणारे वाढले तर देतील म्हणे. मला नकोयत."

"मग कशाला झक मारायची? स्टेटसला टाक ना सरळ. पन्नास जण बघतील तरी."

मला पन्नास जण नकोच होते. एकच हवा होता, आणि तो डोंबिवलीला दुसऱ्या मजल्यावर एकटा राहतो आणि कुणाचं स्टेटस बघत नाही.

बाबा मुंबईच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारल्या. मी शाळेत असताना निबंध लिहून त्यांच्यापुढे धरायचे, तेव्हा वही हातात घ्यायच्या आधी खिशातलं पेन बाहेर यायचं. छापखान्यात शेवटच्या प्रुफावर ते 'छापावे' असं लिहून सही करत. आमच्या वहीवर ते कधी लिहिलं नाही. मी एकदा विचारलंही, तर म्हणाले, "तुझा निबंध कोण छापणार आहे?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं, असं आई नंतर हसत सांगायची.

आई जाऊन तीन वर्षं झाली. त्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला होता, "आईला बरं नाही. ये." त्यांना तेव्हाच ऐकू येणं जवळजवळ बंद झालेलं, त्यामुळे काय होतंय, डॉक्टरांना बोलावलंत का, या माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर आलं नाही. फोन ठेवला गेला. आईला अधूनमधून बरं नसायचंच. मी डबा खाल्ला. भेंडी होती. मग हातातला कागद पुरा केला, साहेबांची सही घेतली आणि निघाले. लोकलपेक्षा रस्त्यानं लवकर पोचू म्हणून रिक्षा केली आणि शीळफाट्याच्या कोंडीत अडकले. डोंबिवलीला जाणारा खाडीवरचा नवा पूल तेव्हा सुरू झालेला नव्हता. घरी पोचले तेव्हा शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या आणि चपलांचा ढीग पडला होता.

बाबा त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. ना त्या दिवशी, ना तेराव्याला, ना नंतर. मीही बोलले नाही. खरं सांगते, मी प्रयत्न केला. कानाचं मशीन आणून दिलं, ते खणात पडून आहे, त्यात म्हणे फक्त कुकरची शिट्टी ऐकू येते. फोनवर बोलावं तर "कोण? हां. बरा आहे. ठेवतो." समोर बसून बोलायचं तर ओरडावं लागतं. 'बाबा, त्या दिवशी मी जेवत बसले, तुम्ही माझ्यावर रागावलायत का?' हे ओरडून कसं विचारायचं? खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल. मी दर रविवारी कोलशेतच्या माझ्या घरून जायचे, औषधांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरायचे, गॅस संपत आलाय का बघायचे आणि परत यायचे. वडील समोर बसलेले असताना वडिलांची आठवण येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

अशात ही साइट कळली. एरवी ब्लॉगखाली लोक 'छान' आणि 'अप्रतिम' लिहून जातात, बाबा त्यातले नव्हेत. पण इथे वाचणाऱ्याला कुठल्याही शब्दावर बोट ठेवून त्याच्या शेजारी, समासात, टीप लिहिता येत होती. मी ते बघितलं आणि मला कोऱ्या समासावरून फिरणारं त्यांचं पेनच दिसलं. त्याच दिवशी अर्ज भरला.

पुढच्या रविवारी त्यांच्या टॅबवर साइट उघडून दिली आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मी यावर लिहिते. वाचा.' त्यांनी कागद वाचला, टॅबकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं."

पहिले तीन लेख मी फार जपून लिहिले. लहानपणीची, मोहन्याला राहणारी आत्या, डेपोसमोरचं झाड, असलंच काहीबाही. आठ-दहा लोकांनी वाचले. कुणी एकानं 'हृदयस्पर्शी' लिहून हात जोडले. समास कोरा. मला असा संताप आला! मग चौथ्या लेखात मी 'आणि'ची णी दुसरी काढली. मुद्दाम. तासाभरात समासात टीप: 'आणि. णि पहिली.'

मी ऑफिसात जागच्या जागी "आला!" म्हणून ओरडले. मैत्रिणीला वाटलं, महागाईभत्ता.

त्यानंतर मला चटकच लागली. 'माहीती' लिही, 'नीवडणूक' लिही. बाबा एक सोडत नव्हते. मग जुने लेखही तपासून झाले. डेपोसमोरच्या झाडाला मी पिंपळ म्हटलं होतं, तिथे टीप आली: 'पिंपळ नव्हे. उंबर. खात्री करून लिहावे.' मी रस्ता ओलांडून बघून आले. उंबरच होता. कितीतरी वर्षं मी त्याखालून जातेय. दिवसातून दोनदा, तीनदा टीप यायची. सगळ्या टिपा कोरड्या, सगळ्यांखाली पूर्णविराम, आणि मी त्या घरी चहा पिताना पुन्हा काढून वाचायचे. आईबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी दोन-तीनदा तिचा उल्लेख करून बघितला. ते त्या ओळी ओलांडून पुढच्या स्वल्पविरामावर जात.

महिनाभरानं एक टीप आली: 'मुद्दाम चुका करू नकोस. तुझी वेलांटी पक्की आहे.'

माझी चोरी पकडली गेली होती आणि मला आनंदानं बसवेना. एवढं कौतुक त्यांनी माझं आजवर केलं नव्हतं. पण आता गळ टाकायची सोयही उरली नाही. मग एका सुट्टीच्या सकाळी मी तो दिवस लिहायला बसले. फोन, भेंडी, साहेबांची सही, शीळफाटा, दारातल्या चपला, सगळं. सजावट काही केली नाही. शेवटी लिहिलं की मी पोचले तेव्हा बाबा आईच्या उशाशी बसले होते आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुन्हा पुन्हा तपासलं. यात एकही चूक राहू द्यायची नव्हती. हे तरी त्यांनी नुसतं वाचावं, आणि खाली 'छापावे' असं काहीतरी लिहावं, अशी वेडी आशा होती.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. त्यांनी लेख उघडलेला साइटवर दिसत होता. तिसऱ्या दिवशी मी डबा न खाता पर्समध्ये तसाच ठेवला. चौथ्या दिवशी दुपारी टीप आली.

ती 'मी उशीरा पोचले' या वाक्यावर होती, 'उशीरा' या शब्दावर. बघितल्याबरोबर चूक दिसली. उशीर दुसरी, पण उशिरा पहिली. गरीब, गरिबाला. हा नियम त्यांनी मला चौथीत शिकवला होता आणि नेमका इथे मी माती खाल्ली. आणि त्यांना तरी काय म्हणावं? लेकीनं तीन वर्षांचं मनातलं काढून पुढे ठेवलं आणि यांना त्यात वेलांटी सापडली! मला रागानं रडू आलं. टीप उघडायचीच नाही म्हणून मी फोन पालथा ठेवला. मग उचललाच.

'हा शब्द काढावा.'

वेलांटीबद्दल काही नव्हतं. पूर्ण लेखात दुसरी टीपही नव्हती.

मी शब्द काढला. 'मी पोचले' एवढंच उरलं. उंबराचा पिंपळ केलेला ज्यांना खपला नाही, ते मला उशीर झाला हे लिहूच नकोस म्हणत होते. मी जिन्यात गेले आणि त्यांना फोन लावला. उचलायला नेहमीसारखा वेळ लागला.

"कोण?"

"बाबा, मी." मग मी ओरडले नाही. जेवढ्या हळू आवाजात बोलायचं होतं, तेवढ्याच हळू बोलले. "मी जेवत बसले हो त्या दिवशी. मला माहीत नव्हतं. मला तिला बघायचं होतं हो, बाबा."

डेपोत कुठल्याशा गाडीची घोषणा चालली होती, ती संपेपर्यंत ते थांबले असं मला वाटलं, पण त्यांना ती ऐकू येणं शक्य नव्हतं.

"ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "तू लिही. मी वाचतो."

आणि त्यांनी फोन ठेवला.