तारेवरून फिरलेलं फडकं

आमच्या छोट्या शिडाच्या होडीच्या तळाला एक जड लोखंडी पातं आहे. खोल पाण्यात ते खाली सोडलं की होडी कलंडत नाही. उथळ पाण्यात ते तारेनं वर ओढून घ्यायचं. ओहोटीला होडी वाळूवर टेकली, तेव्हा मी चष्मा लावून ती तार तपासली. "ठणठणीत आहे. उद्या निघू," म्हणालो.

माझी बायको नलू तारेशी वाकली. जुन्या सुती साडीचं फडकं तिनं तारेवरून सावकाश फिरवलं. मध्येच ते अडकलं.

"इथे पेड तुटलाय."

महिनाभर आधी ठरवलेली सफर रद्द होणार म्हणून मला रागच आला. तरी तार उतरवली, पीळ उकलला, तर आतला गंज तळहातावर सांडला. भर खाडीत ती तुटून पातं धाडकन खाली आदळलं असतं तर!

नुसतं बघून किती गोष्टी मी ठीक ठरवल्या असतील. गेल्या वर्षी नलू कितीतरी दिवस गप्प असायची. "बरी आहेस ना?" एवढं विचारून मी निघून जायचो.

नवी तार बसेपर्यंत भरतीचं पाणी घोट्याला लागलं.

"गेल्या वर्षी काय झालं होतं गं?" मी विचारलं.

तिनं फडक्याला हात पुसले. मग होडीच्या कडेवर बसली आणि सांगू लागली.