ओल लागलेला कोपरा

आमचा वोनवागन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं ते चाकांवरचं घर, आम्ही खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडून घेतला. आजोबा हे आमच्यापुरतं नाव. समोर आम्ही त्यांना अदबीनं आडनावानंच हाक मारायचो. त्यांची बायको आदल्या वर्षी गेली होती. "एकट्यानं कुठे जाऊ?" म्हणाले आणि किल्ली हातावर ठेवली.

पहिल्या हिवाळ्याआधी त्यांनी सगळं समजावून दिलं. उंटरश्लाइसहाइम या आमच्या जर्मन गावाच्या बाहेर एका शेतकऱ्याच्या आवारात आम्ही तो उभा करणार होतो, उघड्यावरच. टाकीतलं पाणी सोडून द्या, नाहीतर गोठून नळ फुटतील. गाद्या उभ्या करून ठेवा, कपाटांची दारं उघडी ठेवा, हवा खेळली पाहिजे. ओल शोषणाऱ्या खड्यांचा डबा मध्ये ठेवा. एक बाजू जरा उचलून उभा करा, म्हणजे छतावर पाणी साचणार नाही. आम्ही सगळं तसंच केलं.

डिसेंबरच्या अखेरीस पुण्याहून माझ्या सासूबाई आल्या. सासरे गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच एकट्या इतक्या लांब आल्या होत्या. दिवसभर खिडकीशी बसून असायच्या. "आई, फिरून येऊ या का?" म्हटलं की, "नको गं, थंडी आहे," हे ठरलेलं उत्तर. जानेवारीत बर्फ वितळायला लागला तेव्हा मी वोनवागन बघायला निघाले आणि त्या आपण होऊन कोट घालून दारात उभ्या राहिल्या.

दार उघडलं आणि त्या उंबऱ्यावरच थांबल्या. "अगं, इथे ओल आहे."

मला तर नुसता बंद घराचा वास येत होता. पण पुढच्या खिडकीच्या वर, कोपऱ्यात, भिंतीला लावलेल्या कागदावर तपकिरी डाग पसरला होता. मी अंगठ्यानं दाबलं. भिंत आत गेली, पावासारखी. आतलं लाकूड भिजून मऊ पडलं होतं. मला रडूच आलं. उन्हाळ्यात कुठे कुठे जायचं याचे बेत आम्ही रोज जेवताना करत होतो. आणि आता आजोबांना काय सांगणार?

"लपवू नकोस," आई म्हणाल्या. "त्यांचं घर होतं ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही आजोबांना घेऊन गेलो. ते काठी टेकत आत चढले, कोपऱ्यावरून हात फिरवला आणि वर छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "छताच्या कडेची पट्टी सुटलीय, तिथून पाणी शिरलं. दर शरद ऋतूत मी शिडी लावून तपासायचो. बायको आजारी पडली आणि मग राहूनच गेलं. तुम्हाला सांगायला हवं होतं. मी हा परत घेतो."

"काय म्हणतायत?" आईंनी विचारलं. मी सांगितलं.

"परत कशाला? त्यांना म्हणावं, आधी चहा घ्या." त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. आल्याचा चहा आजोबांनी पहिल्यांदाच घेतला असावा. एक घोट घेतला आणि त्यांना ठसका लागला. आईंनी पटकन पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात फिरवला, आणि मग एकदम ओशाळून मागे सरल्या. आजोबा हसले. मीही.

"आल्झो," ते म्हणाले, म्हणजे चला तर, "दुरुस्त करू या."

शेतकऱ्यानं वोनवागन कोठारात घ्यायची परवानगी दिली. पुढच्या शनिवारी माझा नवरा, आजोबा, आई आणि मी, अशी चौघं तिथे जमलो. पहिलं काम होतं भिजलेल्या भिंतीवरचा कागद सोलून काढायचं. निळ्या बारीक फुलांचा कागद होता तो. आजोबांनी सुरी हातात घेतली, कडेला टेकवली आणि तसेच थांबले.

"तिनं लावला होता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "एका सुट्टीत पाऊस थांबतच नव्हता, तेव्हा."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण आईंना ते कळलेलं होतं. त्या पुढे झाल्या आणि हात पसरला. आजोबांनी सुरी त्यांना दिली. त्यांनी डागापासून दूर, कोरड्या भागातला तळहाताएवढा चौकोन हळूच कापला, फाटू न देता सोडवला, रुमालात ठेवला आणि घडी करून त्यांना दिला. आजोबांनी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मग आईंनी उरलेला कागद स्वतःच ओढून काढला, सरसर, मागे न बघता.

घरी येताना गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यांचे शर्ट मी अजून कपाटातच ठेवलेत."

कुजलेलं लाकूड काढलं, हीटर लावून कोपरा काही आठवडे सुकवला, नव्या पट्ट्या ठोकल्या. शिडीवर माझा नवरा चढायचा आणि खालून शिडी धरून आजोबा ओरडायचे, "जुनी पट्टी पूर्ण काढा! अर्धवट नको!" छताच्या कडेला नवी चिकट पट्टी बसली. तेवढ्या दिवसांत आईंचं खिडकीशी बसणं सुटलं. शनिवार आला की सकाळीच थेपले तयार असायचे, कारण आजोबांना ते आवडतात हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. आवडायचेही.

मार्चमध्ये परीक्षा घेतली. नवऱ्यानं बाहेरून छतावर पाइपनं पाण्याचा मारा सुरू केला. आई आत, कोपऱ्यावर हात टेकून उभ्या. आजोबा दाराशी.

"ट्रॉकन?" त्यांनी विचारलं. कोरडं आहे का?

आईंनी हात वर सरकवला, खाली आणला, बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. पाणी पडतच होतं.

"ट्रॉकन," त्या म्हणाल्या. आणि मग मोठ्यानं, बाहेर मुलाला ऐकू जाईल असं, "अरे, कोरडं आहे!"

मार्च संपता संपता आई परत गेल्या. विमानतळावर आजोबाही आले होते. दोघांना एकमेकांशी बोलण्यापुरते पाच-सहा शब्द आता येत होते, ते त्यांनी सगळे वापरले. पुढचा हिवाळा वोनवागननं कोठारातच काढला. आजोबांनी शेतकऱ्याशी बोलून जागा मिळवली होती.